धौलीच्या खडकावर तेरावा लेख नाही

आपल्याकडे सम्राट अशोकाचे नाव ठाऊक नसलेले घर सापडणे कठीण. भिंतीवर अशोकचक्र असते, घरात एखादा अशोक असतोच. दसऱ्याला आपण अशोक विजयादशमी म्हणतो, कारण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी तोच दिवस निवडला. कलिंगचे युद्ध झाले, रक्ताचे पाट वाहिले, राजाने तलवार फेकून दिली आणि तो बुद्धाला शरण गेला, ही गोष्ट आपली पोरे शाळेत जाण्याआधीच ऐकतात. पण ते कलिंग आहे कुठे? तिथे आज काय आहे? आपली माणसे बोधगयेला जातात, सारनाथला जातात, कुशीनगर आणि लुंबिनी करून येतात. ओडिशाकडे मात्र आपली वाट सहसा वळत नाही. म्हणून आमच्या महिला मंडळाने गेल्या हिवाळ्यात ठरवले की या वेळी कलिंग पाहायचे, आणि पाहायचे ते पायी.

मुंबईहून कोणार्क एक्सप्रेस पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम असा वळसा घेत भुवनेश्वरला जाते. जवळजवळ दीड दिवस लागतो. आम्ही चौदा जण होतो. नऊ बायका, तीन पुरुष आणि दोन मुली. पुरुष पिशव्या उचलायला घेतले होते असे आम्ही गंमतीने म्हणत होतो, पण आमच्या ह्यांना पालीचे थोडे वाचन आहे, त्याचा पुढे उपयोग झाला. सगळ्यांत वडील म्हणजे आमच्या आत्याबाई, पंचाहत्तरीच्या पुढे गेलेल्या. सही करता येते, वाचता येत नाही. सगळ्यांच्या पुढे चालायच्या त्याच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पुरी आणि कोणार्क दाखवणाऱ्या गाड्या धौलीला थांबतात, नाही असे नाही. पण थांबतात वीस मिनिटे. टेकडीवर पांढरा शुभ्र शांतिस्तूप आहे, तिथे सगळे उतरतात, फोटो काढतात, शहाळे पितात आणि गाडीत बसतात. ज्या खडकासाठी धौलीचे नाव जगाच्या इतिहासात आहे तो खडक टेकडीच्या पायथ्याजवळ, रस्त्याच्या कडेला आहे. गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते आणि आतल्या माणसांना पत्ताही लागत नाही. तेव्हा आपल्या लोकांनी गेलेच तर धौलीसाठी एक अख्खा दिवस ठेवावा आणि वाट दाखवणारा स्थानिक माणूस बरोबर घ्यावा.

आम्हाला भेटले ते दया नदीकाठच्या गावातले निवृत्त शाळामास्तर. लोकांना ही रणभूमी पायी हिंडवून दाखवतात. ओडिया माणूस, हिंदी अडखळत पण स्वच्छ. आम्ही त्यांना मास्तरच म्हणू लागलो आणि ते आत्याबाईंना पहिल्या पाच मिनिटांतच ‘माउसी’ म्हणू लागले.

सकाळी आम्ही भुवनेश्वरहून आठेक किलोमीटर दक्षिणेला, दयेच्या पुलापाशी उतरलो. दया ही कुआखाई नदीची शाखा, पुढे चिलिका सरोवराला जाऊन मिळते. हिवाळ्यात पाणी कमी होते, वाळूचे पट्टे उघडे पडले होते. भाताची कापणी झालेली, रिकाम्या शेतांत मूग वर आलेला. बांधाबांधाने चालत मास्तर सांगत होते की युद्धात ही नदी लाल झाली होती असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आमच्यातल्या एकीने विचारले, लढाई नेमकी कुठे झाली? मास्तर थांबले. हातातल्या काठीने त्यांनी नदीपासून टेकडीपर्यंत एक मोठा वळसा दाखवला आणि म्हणाले, इथे झाली असे सगळे म्हणतात, पण जमिनीतून तसा पुरावा कोणी काढलेला नाही. मला हा माणूस तिथेच आवडला. गोष्ट रंगवून सांगणारे वाटाडे खूप मिळतात. लोक काय म्हणतात आणि पुरावा काय म्हणतो, हे वेगळे करून सांगणारा एखादाच.

मग त्यांनी जे म्हटले त्याने आम्ही सगळ्याच गप्प झालो. ते म्हणाले, ताई, तुम्ही महाराष्ट्रातून अशोकाला पाहायला आलात, तो तुमचा फार मोठा राजा आहे. माझाही आहे. पण या शेतात उभे राहिले की मी कलिंगचा असतो. या शेतावर तो चालून आलेला होता.

वाचक भगिनींनो, ही गोष्ट आपण कधी या बाजूने ऐकली आहे का? आपण ती नेहमी राजाच्या रथात बसून ऐकतो. राजाला दुःख झाले, राजाचे मन पालटले, राजा धम्माकडे वळला. जे मेले ते त्या गोष्टीत फक्त राजाचे मन पालटण्यापुरते असतात. जेत्याच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात हरलेल्याचे काय होते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

कलिंग ही बलाढ्य भूमी होती. समुद्रकाठची बंदरे, दक्षिणेकडे जाणारा मार्ग आणि हत्ती, या तिन्हींमुळे मगधाचा डोळा तिच्यावर होता असे अभ्यासक सांगतात. कलिंगाच्या राजाकडे ६० हजार पायदळ, १ हजार घोडेस्वार आणि ७०० हत्ती होते असे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास, अशोकाच्या राज्याभिषेकाला ८ वर्षे झाली असताना, हे युद्ध झाले. आणि त्याचा हिशेब खुद्द अशोकाने दगडावर कोरून ठेवला. १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे तिथून उचलून नेली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली. आकडे गोळाबेरजेचे असतील. पण ६० हजारांचे पायदळ असलेल्या देशात लाख माणसे मारली जातात तेव्हा ती सगळी शिपाई नसतात, एवढे समजायला पंडित असावे लागत नाही. ‘नंतर मेली’ यात काय काय आले असेल? रोगराई, उपासमार, जखमा चिघळणे, आईविना राहिलेली तान्ही पोरे.

मला त्या तीन आकड्यांपैकी मधला आकडा जास्त छळतो. दीड लाख माणसे उचलून नेली. कुठे नेली? आपले गोव्याचे थोर इतिहास-संशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी (धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव, ज्यांचा ‘भगवान बुद्ध’ आपल्या घरोघरी असतो) यांनी या शब्दाकडे लक्ष वेधले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवी गावे वसवण्यासाठी दुसऱ्या मुलखातून माणसे हलवून आणण्याची जी रीत सांगितली आहे, तिच्याशी त्यांनी हे जोडले. म्हणजे जंगल तोडा, जमीन उठीत आणा, पीक काढा, सरकारचा वाटा भरा. हरलेल्या माणसाचे पुढे मजूर होणे, ही काही आजची गोष्ट नाही. मास्तरांना मी हे सांगितले तर ते बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, ती माणसे परत आली असे कुठल्याच लेखात नाही.

खरेच नाही. पश्चात्ताप झाला, पण राज्य परत दिले नाही. नेलेली माणसे परत पाठवली असेही राजा म्हणत नाही. तलवार फेकल्याचा प्रसंगही कुठल्या शिलालेखात नाही. सैन्य मोडले नाही. उलट त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना ताकीद आहे की राजाला पस्तावा झाला असला तरी त्याच्या हातात बळ आहे. हे सगळे लिहिताना माझ्या मनातला अशोकाचा आदर उणा होत नाही. आपण माणसाला माणूस म्हणून पाहायला शिकलो आहोत, अवतार म्हणून नव्हे.

काजूच्या झाडांतून वर चढत आम्ही खडकापाशी आलो. लोखंडी जाळी आहे, वर छप्पर आहे. आधी दिसतो तो हत्ती. अख्खा हत्ती नव्हे, पुढचा अर्धा. जणू डोंगराच्या पोटातून तो आत्ताच बाहेर पडतो आहे. उंची चारेक फूट, म्हणजे आमच्या धाकट्या मुलीएवढी. ओडिशातले हे सर्वांत जुन्या शिल्पांपैकी एक. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत पडण्यापूर्वी त्याला अशा खुणांनी दाखवत. इथे सहाव्या लेखाच्या शेवटी ‘सेतो’, म्हणजे श्वेत, पांढरा, असा एकच शब्द सुटा कोरलेला आहे. तो या हत्तीबद्दलच आहे असे मानतात. महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आपल्या सगळ्यांना माहीत आहेच.

हत्तीच्या खाली खडक घासून गुळगुळीत केला आहे आणि त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी. बारीक, सरळ, जणू वहीवर लिहिल्यासारख्या. या ओळी कोणाला वाचता येत नव्हत्या. १८३७ साली मार्खम किट्टो नावाचा इंग्रज लेफ्टनंट इथे पोहोचला तेव्हा हे रान होते आणि त्याची अस्वलांशी गाठ पडली होती. त्याने ओळी उतरवून नेल्या आणि त्याच सुमारास कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवले. त्यात ‘अशोक’ हे नाव नाही बरे का. देवांना प्रिय असा प्रियदर्शी राजा, एवढेच आहे. हा प्रियदर्शी म्हणजेच अशोक हे पक्के झाले ते १९१५ साली, कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखात नाव सापडल्यावर.

आता मुख्य गोष्ट. अशोकाचे मोठे शिलालेख १४. ते गिरनारला आहेत, डेहराडूनजवळच्या कालसीला आहेत, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहराला आहेत. कलिंगचा हिशेब आणि राजाचे दुःख ज्यात आहे तो १३वा लेख या सगळ्या ठिकाणी आहे. त्याचा काही भाग ग्रीक भाषेत अफगाणिस्तानातल्या कंदाहारलाही सापडला आहे. जिथे कलिंगचे नावही कोणी ऐकले नसेल तिथपर्यंत तो गेला. आणि इथे, धौलीला, जिथे ती माणसे मेली तिथे, तो नाही. १ ते १० आहेत, १४वा आहे. ११, १२ आणि १३ गाळलेले आहेत. गंजम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदीकाठी जौगडला कलिंगचाच दुसरा खडक आहे, तिथेही हे तीन लेख नाहीत.

का नसावा? विद्वान म्हणतात, जखम ताजी होती, राजाने तिच्यावर मीठ चोळले नाही. हे लेख युद्धानंतर पाचेक वर्षांनी कोरले गेले. ज्यांचा नवरा गेला, ज्यांचा भाऊ बांधून नेला, त्या बाया तेव्हा जिवंत होत्या. त्यांना राजाने दगडावर सांगायचे, की तुमची लाख माणसे मी मारली आणि मला फार वाईट वाटते? मला विचाराल तर यात दया आहे आणि मुत्सद्दीपणाही आहे. जिंकलेल्या मुलखात आपल्या हातून झालेल्या संहाराचा आकडा राजा जाहीर लावत नाही. आमचे हे म्हणाले, दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. मास्तरांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळले नाही. ओडिया माणसे मान जरा वेगळी हलवतात.

गाळलेल्या तीन लेखांच्या जागी इथे दोन वेगळे लेख आहेत. आम्ही खरे म्हणजे त्यांच्यासाठी आलो होतो. पहिला लेख तोसलीच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे नगराचा न्यायनिवाडा करणाऱ्यांना उद्देशून आहे. राजा त्यांना सांगतो की हजारो जीव तुमच्या हाताखाली आहेत. सगळी माणसे ही माझी मुले आहेत, आपल्या मुलांचे जे भले मी इच्छितो तेच सगळ्यांचे इच्छितो. आणि लगेच मुद्द्यावर येतो. एखाद्या माणसाला विनाकारण कैद होते, छळ होतो, त्याच्यापायी आणखी कितीजण दुःख भोगतात. असे का होते, तर अधिकाऱ्याचा मत्सर, त्याचा राग, त्याचा कठोरपणा, त्याची घाई, कामाची सवय नसणे, आळस आणि थकवा यांमुळे. हे दोष टाका. तुम्ही नीट वागता की नाही हे पाहायला दर ५ वर्षांनी मी एक मऊ स्वभावाचा अधिकारी पाठवीन.

ज्यांच्या वस्तीत रात्री-अपरात्री पोलिसांची गाडी येते, ज्यांच्या पोरांना नुसत्या संशयावर उचलून नेतात, त्यांना ही यादी समजावून सांगावी लागत नाही. बावीसशे वर्षांपूर्वीच्या खडकावर ‘घाई’ आणि ‘आळस’ हे अन्यायाचे कारण म्हणून लिहिलेले आहे! आमच्यातल्या एकीचा मुलगा असाच अकरा दिवस आत होता आणि मग काही नव्हते म्हणून सोडून दिला. ती जाळीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, हे आमच्या ठाण्यात लावायला पाहिजे.

दुसरा लेख तोसलीचा राजकुमार आणि अधिकारी यांना आहे. सीमेपलीकडचे, अजून न जिंकलेले लोक घाबरून असतील की हा राजा आता आमचे काय करणार. त्यांना सांगा, भिऊ नका, विश्वास ठेवा, माझ्याकडून तुम्हाला दुःख नव्हे, सुखच मिळेल. बाप जसा तसा हा राजा. जी चूक क्षमा करण्याजोगी असेल ती तो क्षमा करील. ‘क्षमा करण्याजोगी असेल ती’ या शब्दांवर मास्तरांनी काठी टेकवली आणि हसले. राजा तो राजाच.

पण या लेखांत एक आज्ञा अशी आहे की तिच्यासाठी मी पुन्हा धौलीला जाईन. हे लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवायचे, मधल्या दिवसांतही प्रसंगाने वाचायचे, आणि ऐकणारा एकच माणूस असला तरी वाचायचे. म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी कायदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि एकट्यासाठीही वाचा. कायदा कळल्याशिवाय अधिकाऱ्याला जाब कसा विचारणार?

ह्यांनी मराठीत सारांश काढून आणला होता. ठरवून काही केले नाही, पण आत्याबाई खडकाजवळच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, मला वाच बाबा. ह्यांनी वाचले. सगळे उभे राहून ऐकत होते, पण वाचन चालले होते एकट्या आत्याबाईंसाठी. मध्येच त्यांनी विचारले, आणि अधिकाऱ्याने नाहीच ऐकले तर? ह्यांनी पुढचे वाचले. जो नीट वागणार नाही त्याला ना स्वर्ग मिळेल ना राजाची मर्जी. आत्याबाई म्हणाल्या, स्वर्गाचे राहू दे, पगार कापायचा असे लिहिले आहे का? मास्तरांना भाषांतर करून सांगितले तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाकीचे लेखही आपल्या कामाचे आहेत. पहिल्यात राजाच्या स्वयंपाकघराचा हिशेब आहे. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि पुढे तेही नाही. सहाव्यात राजा सांगतो की मी जेवत असेन, आतल्या घरात असेन, बागेत असेन, तरी लोकांचे काम घेऊन येणाऱ्याला माझ्यापर्यंत येऊ द्या. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे ऐकत ज्यांची उमर गेली त्यांनी हा लेख ध्यानात ठेवावा. आठव्यात तर आमच्या सहलीचाच विषय आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सहली काढत, शिकार करत. हा राजा दहाव्या वर्षी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, ज्यात वृद्धांना भेटायचे, गावच्या माणसांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचे. आणि नवव्या लेखात आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास यांच्या वेळी केले जाणारे नाना तऱ्हेचे निरर्थक विधी. खरे मंगल कोणते, तर दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, वडिलधाऱ्यांना मान देणे, जीवांना न दुखवणे. लग्नात अजून लपूनछपून हळदीची गणिते मांडणाऱ्या आपल्या घरांनी हे वाचायला हरकत नाही.

मुंबईकरांनो, हे आठवा आणि नववा लेख पाहायला ओडिशाला जायची गरजही नाही. आपल्या नालासोपाऱ्याला, जुन्या शूर्पारक बंदरात, अशोकाच्या लेखांचे जे दोन तुकडे सापडले ते नेमके याच दोन लेखांचे. आठव्याचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला, नवव्याचा १९५६ साली. आठव्याचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ते संग्रहालय आपण कितीजणांनी पाहिले आहे? पोरांना एका रविवारी घेऊन जा.

दुपारी शांतिस्तूपावर गेलो. जपानच्या बौद्ध संघाने हा स्तूप १९७२ साली उभारला. त्यामागचे भिक्खू निचिदात्सु फुजी आपल्या वर्ध्यालाही राहून गेले होते, आणि वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहिलेल्यांना इथला घाट लगेच ओळखीचा वाटेल. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. वरून सगळी शेते, दयेचे वळण आणि दूरवर भुवनेश्वर दिसते. आमच्यासमोरच एक दुसरा वाटाडा एका कुटुंबाला सांगत होता की अशोकाचे कलिंगच्या राजकन्येवर प्रेम होते. ते २००१ च्या सिनेमातले कथानक आहे. कारुवाकी ही अशोकाची दुसरी राणी होती, तीवराची आई, एवढे प्रयागच्या स्तंभावर आहे. ती कलिंगची होती असे तिथे काही नाही. आणि कलिंगच्या बाजूने लढणाऱ्या राजाचे तर नावसुद्धा अशोकाने लिहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर आम्हाला शिशुपालगडला घेऊन गेले. भुवनेश्वरच्या कडेलाच आहे. १९४८ साली बी. बी. लाल यांनी इथे उत्खनन केले, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीही अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर केले. एकेक बाजू किलोमीटरहून लांब असलेला चौकोनी कोट, ८ दरवाजे. हीच तोसली असावी असे काही अभ्यासक मानतात, काही नाही मानत. आज तटाच्या उंचवट्यावर गवत आहे, आत शेती आहे आणि घरे पुढे पुढे सरकत आहेत. जांभ्या दगडाचे जुने खांब उभे आहेत, त्यांच्या आडोशाला पोरे क्रिकेट खेळत होती. ज्या गावच्या अधिकाऱ्यांना तो लेख लिहिला ते गाव कदाचित हेच.

तिथून उदयगिरी. हत्तीगुंफेच्या कपाळावर कलिंगचा राजा खारवेल याचा १७ ओळींचा लेख आहे. अशोकानंतर दीडदोनशे वर्षांनी हा जैन राजा झाला. मास्तर इथे एकदम ताठ झाले. राजाने गादीवर येताच वादळाने पडलेले नगराचे दरवाजे आणि तट कसे दुरुस्त केले, मग कुठकुठल्या मुलखांवर स्वाऱ्या केल्या, आणि शेवटी मगधावर चालून जाऊन तिथल्या राजाला आपल्या पाया पडायला कसे लावले, हे त्यांनी हात वर करून, ओळीओळीवर बोट दाखवत सांगितले. कलिंगने हिशेब चुकता केला, असे त्यांच्या चेहऱ्यावर होते.

आत्याबाईंनी खालूनच विचारले, त्या लढायांत माणसे किती मेली ते लिहिले आहे का?

मास्तरांनी पुन्हा एकदा सतराही ओळींवरून नजर फिरवली. म्हणाले, नाही माउसी, इथे ते कोणी लिहिलेले नाही. मग पायऱ्या उतरताना त्यांनी आत्याबाईंचा हात धरला, आणि खाली टपरीवर सगळ्यांचा चहा त्यांनीच सांगितला.